जाता जाता पाहून दे

पैसे न मिळणारं काम आमच्या गावात शोधावं लागत नाही. सकाळी टपरीवर चहा प्यायला गेलं की ते आपणहून येऊन खांद्यावर हात ठेवतं. ‘भाऊ, जाता जाता आमचा पंखा पाहून दे नं. नुसता घुंई घुंई करते.’ जाता जाता म्हणजे माझ्या घराच्या नेमक्या उलट्या दिशेला. आणि पाहून देणं म्हणजे डगमगत्या स्टुलावर चढून कंडेन्सर बदलणं, तोही माझ्याच पिशवीतला. उतरल्यावर ‘चहा घेजो’ म्हणतात. तोवर दूध मांजरानं प्यायलेलं असतं.

पैसे मिळणारं काम कसं शोधतात, हे आयटीआयच्या दोन वर्षांच्या तारतंत्री कोर्सात कुठंच नाही. तिथं ओहमचा नियम आहे. व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स. गावात धंदा मांडल्यावर या तिघांचे पत्ते मला सापडले. व्होल्टेज संध्याकाळी पडतं, करंट कूलरच्या पत्र्यात असतो आणि रेझिस्टन्स गिऱ्हाइकाच्या खिशात.

कंत्राटदाराचा परवाना आला तसा मी घरावर फ्लेक्स लावला. ‘शासनमान्य विद्युत कंत्राटदार. घरगुती, शेती व औद्योगिक वायरिंगची सर्व कामे.’ औद्योगिक म्हणाल तर दर्यापूरच्या या बाजूला एक डाळ मिल आणि पिठाच्या गिरण्या. पण फ्लेक्सवर शब्द भारदस्त दिसतो. खाली मोबाईल नंबर, अंमळ मोठाच. रात्री जेवायला बसलो आणि पहिला फोन आला. म्हटलं, डाळ मिलच असणार. पलीकडून आवाज आला, ‘लाईन कवा येते?’

मी समजावलं, की मीटरपर्यंत सगळं कंपनीचं आणि मीटरच्या पुढं माझं. ‘हाव, पन येते कवा?’ वीज मंडळाचं विभाजन होऊन 2005 साली महावितरण आली, पण आमच्या गावानं त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. गावाच्या लेखी एमएसईबी जिवंत आहे आणि मी तिथला नवा साहेब. आता उपकेंद्राच्या ऑपरेटरला मीच फोन करून विचारतो आणि सगळ्यांना सांगतो, कारण उत्तर मिळाल्याशिवाय वऱ्हाडी माणूस फोन ठेवत नाही.

अमरावतीला मी ज्या कंत्राटदाराच्या हाताखाली काम शिकलो, त्यांचा एकच मंत्र होता: स्लॅबच्या आधी पोच. सळाखीची जाळी बांधून झाली, की काँक्रीट पडायच्या आत तिच्यात पाइप आणि पंख्याचे डबे बसवावे लागतात. स्लॅब पडून गेला की मग बसा भिंतीवर पट्ट्या मारत. त्यात आमची जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि भिंतीला तडा जाताना तो पट्टीच्या मधूनच जातो.

म्हणून मी मोटारसायकलवर वाळूचे ढीग शोधत फिरू लागलो. ढीग वाचता यावा लागतो. त्यावर गवत उगवलं असेल तर घरकुलाचा हप्ता अडकलाय. कुत्रीनं पिल्लं घातली असतील तर मालक पुण्याच्या पोराकडून पैसे यायची वाट पाहतोय. पोरं वर चढली रे चढली की म्हातारा काठी घेऊन धावतो, तो ढीग म्हणजे काम.

पण मी ढिगापाशी पोचायच्या आधी तिथं मिस्तरी पोचलेला असतो. आमच्याकडं घर कसं बांधायचं हे मालक ठरवत नाही, मिस्तरी ठरवतो. देवघर कुठं, बोर्ड कुठं आणि वायरिंगवाला कोण, सगळं त्याच्या तोंडी. मी ओळख सांगितली. त्यानं ओळंब्यावरची नजर काढली नाही. ‘पोरगा हाय माह्या साळ्याचा. थो करते लाईटफिटिंग.’

या साळ्याच्या पोरानं माझा जेवढा धंदा खाल्ला तेवढा मंदीनं खाल्ला नसेल. प्रत्येकाला एक साळा असतो आणि प्रत्येक साळ्याला लाईटफिटिंग करणारा एक पोरगा. कोटेशन मात्र माझ्याकडून घेतात. दिव्याला एक एमएमची वायर, प्लगला अडीचची, गिझरला चारची, बंडलं किती, एमसीबी कोणते, सगळं लिहून घेतात. मग ती यादी तालुक्याच्या दुकानात जाते, सामान येतं आणि काम साळ्याचा पोरगा करतो. महिन्याभरानं मालक रस्त्यात भेटतात आणि मनापासून पाठ थोपटतात. ‘यादी एक नंबर होती भाऊ. वीतभर वायर उरला नाई.’

परवान्याचा एक उपयोग मात्र लोकांनी लगेच हेरला. नव्या मीटरच्या अर्जाला टेस्ट रिपोर्ट लागतो आणि त्यावर परवानावाल्याचा सही-शिक्का. म्हणजे वायरिंग साळ्याच्या पोराचं आणि सही माझी. ‘एक सही तं मारायची हाय, तुमचं काय जाते?’ जातं ते असं, की उद्या त्या घरात कुणाला शॉक लागला तर कागदावर नाव माझं.

म्हणून मी मेगर घेऊन जातो. हातानं फिरवायचा, 500 व्होल्टचा, काळ्या पेटीतला. वायरीच्या इन्सुलेशनमधून वीज झिरपते का, हे तो सांगतो. काटा एक मेगओहमच्या वर राहिला तर बरं. हँडल फिरवायला पोरांची झुंबड उडते, मोठी माणसंही ‘एक डाव मले दे’ म्हणतात. एकदा ऐन श्रावणात एका घरी गेलो. भिंतींना ओल, आणि साळ्याच्या पोरानं जोडांवर टेपऐवजी दुधाच्या पिशवीची पट्टी गुंडाळलेली. हँडल फिरवलं तसा काटा सरळ शून्यावर जाऊन बसला. मालक माझ्या खांद्यावरून डोकावत होते. मागं वळून घरात ओरडले, ‘अवं, झिरो दोष निघाला! चहा मांड!’

चहा झाला. सही झाली नाही. त्या घरून आता मला रामराम येत नाही.

आमच्या धंद्यातली सगळ्यात न खपणारी वस्तू म्हणजे अर्थिंग, झिरपलेला करंट माणसाऐवजी जमिनीत नेणारी तार. पीओपी दिसते, झुंबर दिसतं, बटनांच्या काळ्या प्लेटा दिसतात. अर्थिंग जमिनीत जातं. ‘तांबं मातीत पुरायचं? मंग थे उगवते कवा?’ असं मला एका शेतकऱ्यानं गंभीरपणे विचारलंय. त्यात आमचा खारपाणपट्टा. विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. अर्थिंगच्या खड्ड्यात टाकायला मीठ आणायला सांगितलं की लोक म्हणतात, ‘आमच्या पान्यातच मीठ हाये नं बाप्पा, कायले इकत आणतं?’ म्हणणं अगदीच खोटं नाही. खाऱ्या जमिनीत अर्थिंग झकास मिळतं. लोखंडही तितकंच झकास गंजतं, म्हणून मी तांब्याचा हट्ट धरतो.

एका काकूंनी तो हट्ट मानला. साठ सेंटीमीटर लांब-रुंद प्लेट, निदान दीड मीटर खोल खड्डा, भोवती कोळसा आणि मीठ. दिवस सोयाबीन सोंगायचे, गावात मजूर औषधाला नाही. संध्याकाळी एक जण मोकळा झाला तेव्हा खड्डा सुरू झाला आणि खोल जाईस्तोवर अंधार पडला. मी बॅटरी धरून काठावर, मजूर छातीभर खड्ड्यात, बाजूला मिठाची गोणी, कोळशाची गोणी आणि चमकणारी तांब्याची प्लेट. शेजारच्या बाईनं कुडाच्या फटीतून हे पाहिलं. मी खड्ड्यात पाणी ओतेपर्यंत अंगणात अर्धं गाव होतं. काकूंकडं गुप्तधन निघून रायलं, अशी बातमी होती. एका म्हातारीनं काही न बोलता खड्ड्याच्या काठावर लिंबू ठेवलं आणि हात जोडले.

पोलीस पाटील आले. मी त्यांना अर्थिंग म्हणजे काय, लिकेज करंट कुठून कुठं जातो, कोळशानं ओल कशी टिकते, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ‘कोळसा समजला. मीठ समजलं. लिंबू कायले?’

‘ते माझं नाही, पाटील.’

‘बरं. पन अवसेलेच काऊन?’

मी कॅलेंडर पाहून अर्थिंग करत नाही. त्यांना ते पटलं की नाही, देव जाणे. पण त्या खड्ड्यानं जेवढं नाव झालं तेवढं फ्लेक्सनं झालं नव्हतं. आठवडाभरात शेजारच्या गावाहून एक गृहस्थ खास गाडी काढून आले. पाणी प्यायले, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाले, ‘आमच्या आज्यानं वावरात हंडा पुरून ठेवला म्हंतात. तुमची मशीन घेऊन एक डाव या नं.’ मशीन म्हणजे मेगर. हे माझ्या आयुष्यातलं पहिलं काम, ज्यात गिऱ्हाइकानं दर न विचारता निम्मा वाटा देऊ केला.

मार्च संपला की कूलर निघतात. पारा 45 च्या पुढं जायला लागला की माझा फोन आणि कूलरचा पत्रा एकाच वेळी गरम. ‘करंट मारते’ ही तक्रार, आणि तिच्यावरचे इलाज मला बोलावण्याआधीच करून झालेले असतात. चप्पल घालून पाणी टाकायचं, हा पहिला. तो चालेना तर पिन पलटवायची. अर्थिंगची जाडी पिन आधीच कापून काढलेली असते. उरलेल्या दोन पिना उलट्या खुपसल्या की फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल होते आणि झटका कधी कधी थांबतो. एका घरात तर बोर्डावर खडूनं बाण काढून लिहिलेलं होतं, ‘ही बाजू वर, नाहीतर मारते’. दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणूस गेल्याची बातमी पेपरात येते, इथं मला विनोद सुचत नाही. करंट झिरपला की आपोआप लाईन तोडणारा 30 मिलिअँपिअरचा ईएलसीबी लावा म्हणून घसा कोरडा करतो. ‘लावला होता, राजा. घडीघडी ट्रिप मारे. काढून टाकला.’

उधारीची माझी वही वेगळीच आहे. तिच्यात तारखा नाहीत, पिकं आहेत. सोयाबीनचं पान, कापसाचं, तुरीचं, हरभऱ्याचं. ‘सोयाबीन निघू दे’ म्हणणारा खोटं बोलत नसतो. सोयाबीन निघतं तेव्हा भाव पडलेला असतो, मग मी कापसावर जातो. कापसाची गाडी जिनिंगच्या रांगेत उभी राहते, मी तुरीवर जातो. तुरीवर अळी पडली की माझी रवानगी हरभऱ्यावर. हवामान खात्याचा अंदाज मी आता शेतकऱ्यांच्या आधी पाहतो.

धंद्याला खरी वाट दाखवली ती सोयरिकी जमवणाऱ्या एका काकांनी. शेती करणाऱ्या पोराला मुलगी मिळवणं हे आमच्याकडं काय दिव्य झालंय, ते सांगायला नको. पाहुणे आले की पोरगा मागून पाहतात. आधी संडास-बाथरूम, मग गच्ची, मग भिंतीवरची बटनं. म्हणजे ज्या घरात लग्नाचा पोरगा, त्या घरात नवं वायरिंग. आणि कुणाकडं कोणत्या महिन्यात पाहुणे येणार, हे काकांच्या डायरीत. वाळूचा ढीग पडायच्या आधी, मिस्तरीच्याही आधी. मी काकांचा टेबलफॅन, मिक्सर, इस्त्री, सगळं जाता जाता पाहून दिलं. त्यांनी डायरी उघडली आणि एका निवृत्त गुरुजींचं नाव काढलं.

गुरुजींनी पूर्ण काम दिलं, यादीप्रमाणे सामान आणलं, अर्थिंगलाही हो म्हटलं. त्यांना साळाच नव्हता. दर पॉइंटप्रमाणे ठरला. काम संपल्यावर गुरुजी पेन्सिल आणि चौकटीची वही घेऊन घरभर फिरू लागले, मी मागं.

‘हा दिवा, एक. पंखा, एक. रेग्युलेटर?’

‘तो पंख्यातच धरला, गुरुजी.’

‘ठीक. हा बोर्डावरचा प्लग?’

‘अर्धा.’

बोर्डावरचा प्लग अर्धा धरायची रीतच आहे. पण त्या क्षणापासून अपूर्णांक गुरुजींच्या हाती लागला. बेल कोणी आलं तरच वाजते, म्हणून अर्धी. न्हाणीतला दिवा सकाळीच लागतो, म्हणून अर्धा. देवघराला त्यांनी पूर्ण एक दिला. असं करत आम्ही जिन्यापाशी आलो. जिन्याला टू-वे: दिवा एक, बटनं दोन, एक खाली आणि एक वर. मी दोन पॉइंट लावले होते.

‘दिवा एकच हाय नं?’

‘बटनं दोन आहेत, गुरुजी. मधात दोन तारा जास्तीच्या जातात.’

‘तारा माह्या पैशाच्या. खालचं बटन लावते, वरचं इझवते. पुरं काम तं एकही बटन करत नाई. अर्धा अन् अर्धा, एक.’

मी म्हटलं, खात्री करून पाहा. गुरुजींनी खाली लावलं, धोतर सावरत वर गेले, विझवलं. वर लावलं, खाली आले, विझवलं. पुन्हा वर गेले. धापा टाकत खाली आले आणि चष्मा पुसत म्हणाले, ‘अरे, हे तं दोन्हीकडून दोन्ही करते.’

‘हाव जी.’

‘मंग एकच बटन पुरे होतं की! दुसरं कायले लावलं?’ वहीत अर्धा पडला.

पैसे मात्र गुरुजींनी त्याच दिवशी मोजून दिले. पेन्शनला अळी पडत नाही.

पाहुणे आले त्या दिवशी फ्यूज गेला तर असावं म्हणून मलाही बोलावून ठेवलं होतं. मुलीचे वडील गच्ची पाहायला जिना चढले. खाली लावलं, वर विझवलं, थांबले, वर लावलं, खाली येऊन विझवलं. पुन्हा चढले. पोहे थंड झाले, पण माणूस जिन्यावरून हलेना. शेवटी मला म्हणाले, ‘आमच्याकडं बी असंच बसवून द्या. लहान्या पोरासाठी औंदा पोरगी पाहून रायलो.’

मी खिशातून वही काढली. गुरुजींनी मधेच माझा हात धरला.

‘दर मी सांगतो याले. अन् पाय, सोयरे हायेत आता. जिन्याचा अर्धाच लावजो.’