‘या वयात कशाला?’ : एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

वाशीच्या एका ज्येष्ठ वाचक भगिनींनी योनीच्या कोरडेपणाविषयीच्या माझ्या ‘पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा’ या लेखावर परवा रात्री प्रतिक्रिया दिली. ती ज्यांच्या नजरेतून सुटली असेल, त्यांच्यासाठी आधी तिचा गोषवारा देते. त्यांचे म्हणणे असे की, या वयात या गोष्टींची गरजच काय. आमच्या आयांनी सात-सात बाळंतपणे काढली, पण कधी तक्रार केली नाही. लेखात सांगितलेल्या हार्मोनच्या औषधाने कर्करोग होतो आणि ज्यांना स्तनांचा कर्करोग होऊन गेला आहे त्यांच्याविषयी लेखात एक अक्षर नाही. त्यांची अमेरिकेतील भाची परिचारिका आहे आणि तिच्या सांगण्याप्रमाणे ही औषधे प्रयोगात सरस ठरलेली नाहीत. खोबरेल तेल पुरते. लेखात ल्युब्रिकंट आणि मॉइश्चरायझर यांची सरमिसळ आहे. आणि एकंदर हे ‘निर्लज्ज लिखाण’ एखाद्या औषध कंपनीच्या जाहिरातीसारखे वाटते.

ताई, आपण वयाने माझ्यापेक्षा मोठ्या आहात आणि निवृत्त शिक्षिका आहात, असे आपणच लिहिले आहे, म्हणून आदर राखूनच लिहिते. मतभेदाचे मला वाईट वाटत नाही. सत्तावीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसल्यावर माणसाची कातडी पुरेशी जाड होते. मला खटकला तो सूर. ‘बाई, जरा वयाचे भान ठेवा’ ही आपली सुरुवात आणि ‘घरच्यांना हे दाखवले आहे का?’ हा आपला शेवट. हा शेवटचा प्रश्न धड वैद्यकीयही नाही आणि लेखाविषयीही नाही. मागच्या बाकावरच्या मुलीला उभे करून ‘आईला बोलावून घेऊ का?’ असे विचारावे, त्या जातीचा तो आहे. मी ५९ वर्षांची आहे. माझी आई आज हयात नाही, आणि असती तरी तिला काय दाखवले असते ते पुढे येईलच.

एक चूक मात्र सरळ कबूल करते. ल्युब्रिकंट आणि मॉइश्चरायझर हे दोन शब्द मी एकाच अर्थाने वापरले, ते बरोबर नव्हते. ल्युब्रिकंट हे शरीरसंबंधाच्या वेळेपुरते असते, घर्षण कमी करते आणि त्याचे काम तिथेच संपते. मॉइश्चरायझर योनीच्या अस्तराला चिकटून दोन-तीन दिवस ओलावा धरून ठेवते, म्हणून ते आठवड्यातून दोन-तीनदा नेमाने लावायचे असते, मग संबंध असो वा नसो. ‘वंगण’ या मराठी शब्दाने मला सायकलची चेन आठवते, म्हणून मी तो टाळला आणि तिथेच घोटाळा झाला. लेखात ही दुरुस्ती केली आहे.

आता मुख्य वाक्याकडे येते. ‘या वयात या गोष्टींची गरजच काय?’

‘या गोष्टी’ म्हणजे नेमक्या कोणत्या, ते आपण लिहिले नाही, पण आपल्या मनात काय आहे ते न कळण्याइतकी मी भाबडी नाही. कोरडेपणा हा शब्द वाचल्याबरोबर आपण तो थेट बिछान्याशी नेऊन जोडला. माझा लेख पुन्हा एकदा, कृपया शांतपणे, वाचावा. त्यात शरीरसंबंधाविषयी एक परिच्छेद होता आणि लघवीविषयी चार. असे का, ते माझ्याच उदाहरणाने सांगते, कारण ऐकीव गोष्टींपेक्षा स्वतःचा अनुभव मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

माझी पाळी ४८ व्या वर्षी गेली. गरम वाफा, रात्रीचा घाम हे सगळे दोन-तीन वर्षांत ओसरले आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. ५२ व्या वर्षी लघवीला जळजळ सुरू झाली. मी तेव्हा ठाण्याहून फोर्टला जात असे. सकाळच्या गाडीत बायकांच्या डब्यात उभे राहायला जागा मिळाली की नशीब समजायचे, आणि मला घाटकोपर येईपर्यंत पोटात कळ यायची. कित्येकदा मी कुर्ल्याला उतरले आहे. तिथले स्वच्छतागृह गाठून परत फलाटावर यायचे आणि भरलेल्या दुसऱ्या गाडीत स्वतःला कोंबायचे. पुढे मी घरून निघताना पाणी पिणेच बंद केले आणि जळजळ आणखी वाढली. चौदा महिन्यांत लघवीची तपासणी पाच वेळा झाली आणि प्रतिजैविकांच्या गोळ्याही पाच वेळा घेतल्या. ज्या डॉक्टरांकडे मी जात होते त्यांनी दर वेळी ‘पाणी भरपूर प्या’ असे सांगितले. माझी पाळी कधी गेली, हे त्यांनी एकदाही विचारले नाही.

सहाव्या वेळी मी एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘आग फक्त लघवीच्या वेळी होते, की एरवी बसल्यावरही?’ मला एकदम आठवले की घोडबंदर रस्त्यावर रिक्षा खड्ड्यांतून जाऊ लागली की मी एका कुशीवर सरकून बसते. ही सवय मला कधी लागली, ते मलाच कळले नव्हते. त्यांनी तपासताना आतल्या स्रावाला एक पिवळी कागदी पट्टी लावली. ती हिरवट झाली आणि ती त्यांनी माझ्यासमोर धरली. आम्लता गेली आहे, एवढाच त्याचा अर्थ.

ही आम्लता कुठून येते, ते लेखात होते, तरी पुन्हा लिहिते. इस्ट्रोजेन हे स्त्रीचे हार्मोन असते तोवर योनीचे अस्तर जाड असते आणि त्यात ग्लायकोजेन ही साठवणीची साखर साठते. त्यावर लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू जगतात, लॅक्टिक आम्ल तयार करतात, आणि त्या आम्लतेमुळे (पीएच साधारण ३.८ ते ४.५; हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त) आतड्यातले जिवाणू तिथे ठाण मांडू शकत नाहीत. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते, अस्तर पातळ होते, ग्लायकोजेन कमी होते, लॅक्टोबॅसिलस उपाशी मरतात आणि पीएच पाचाच्या वर जातो. मूत्रमार्गाचे तोंड तिथून बोटभर अंतरावरही नाही, आणि तिथल्या पेशींनाही इस्ट्रोजेनच लागते. म्हणूनच २०१४ मध्ये या विकाराचे जुने नाव बदलून ‘जेनिटोयुरिनरी सिंड्रोम ऑफ मेनोपॉज’ (पाळी गेल्यानंतरच्या जननमार्गाच्या व मूत्रमार्गाच्या तक्रारी) असे केले गेले, कारण जुन्या नावात लघवीच्या तक्रारींना जागाच नव्हती. गरम वाफा कालांतराने थांबतात. हा विकार उपचार न केल्यास आपोआप बरा होत नाही, बहुधा वाढतच जातो. तेव्हा ‘या वयात गरज काय’ या प्रश्नाचे उत्तर असे की, गरज याच वयात असते, त्याआधी ती नव्हती.

आणि संसर्गाविषयी मी हवेत बोलत नाही. १९९३ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या ९३ स्त्रियांपैकी काहींना योनीत लावायचे इस्ट्रिऑलचे (इस्ट्रोजेनच्याच एका सौम्य प्रकाराचे) क्रीम दिले, इतरांना तसेच दिसणारे औषधरहित क्रीम. औषधाच्या गटात वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला, दुसऱ्या गटात ५.९ वेळा. मला दिले तेही इस्ट्रिऑलचेच क्रीम होते, ॲप्लिकेटरवरच्या खुणेपर्यंत, दोन आठवडे रोज रात्री आणि पुढे आठवड्यातून दोनदा. पहिल्या महिन्यात मला विशेष फरक जाणवला नाही आणि मी ते सोडणार होते. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी गाडी मशीद बंदरला आल्यावर माझ्या लक्षात आले की कुर्ला केव्हाच मागे पडले.

समजा, हे सगळे बाजूला ठेवले आणि शरीरसंबंध हाच माझ्या लेखाचा एकमेव विषय होता असे धरले, तरी काय बिघडले? लग्नाला तीस वर्षे झालेल्या बाईने नवऱ्याजवळ जाताना काच टोचल्यासारखी वेदना होऊ नये अशी अपेक्षा ठेवली, तर त्यात निर्लज्जपणा कोणता, हे आपण समजावून द्यावे. उलट आपल्यासारख्यांच्या या शेऱ्यामुळेच विधवा आणि अविवाहित बायका डॉक्टरांकडे जात नाहीत. हे नवऱ्याबरोबर राहणाऱ्यांचे दुखणे आहे, आपले नव्हे, असे त्या समजतात आणि वर्षानुवर्षे आग सोसत राहतात. शिक्षिकेने तरी असा गैरसमज पसरवू नये, इतके म्हणून हा विषय आवरते.

‘आमच्या आयांनी कधी तक्रार केली नाही’ हेही खरे नाही. तक्रार होती, फक्त तिचे नाव ‘उन्हाळी’ होते. माझी आई नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत सकाळी उठली की स्टीलच्या पेल्यात भिजवलेला सब्जा घेऊन बसायची, ‘उन्हाळी लागली आहे गं’ म्हणायची आणि तो पेला दोन्ही हातांनी धरून संपवायची. आम्हा बहिणींना तो पेला पाठ होता. पण ही उन्हाळी डिसेंबरातही लागायची, आणि डिसेंबरात कसली उन्हाळी, असे आमच्यापैकी कोणालाही विचारावेसे वाटले नाही. आज मी तिचे निदान करू शकत नाही. ती ५५ वर्षांची होती, तिची पाळी गेलेली होती आणि सब्जाने तिला बरे वाटायचे ते तासाभरापुरते, एवढे मला ठाऊक आहे. तिला हा लेख दाखवला असता.

उरलेल्या मुद्द्यांसाठी फार शब्द खर्च करीत नाही.

आपल्या भाचीने सांगितलेली चाचणी मी वाचली आहे. ती २०१८ ची आहे. ३०२ स्त्रिया, १२ आठवडे, योनीत ठेवायची इस्ट्रोजेनची १० मायक्रोग्रॅमची गोळी आणि मॉइश्चरायझर या दोन्हींची तुलना निष्क्रिय गोळी व निष्क्रिय जेल यांच्याशी केली होती, आणि सर्वांत त्रासदायक लक्षणात तिन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला. पण ज्याला ‘निष्क्रिय’ म्हटले ते जेलही ओलावा देतेच, ही शंका अनेक जाणकारांनी घेतली आहे. शिवाय ती चाचणी वारंवार होणाऱ्या संसर्गाविषयी नव्हती. भाचीला माझा नमस्कार सांगावा.

खोबरेल तेलाला माझा विरोध नाही. बाहेरच्या त्वचेची आग त्याने शमते. त्याने अस्तर जाड होत नाही आणि आम्लता परत येत नाही. शिवाय कुठल्याही तेलाने लॅटेक्सचा निरोध फाटू शकतो, हे पाळी नुकतीच अनियमित झालेल्यांनी ध्यानात ठेवावे. साबणाने किंवा सुगंधी द्रावणाने आतून धुणे मात्र कोणीच करू नये.

कर्करोगाविषयी ‘एक अक्षर नाही’ हे आपले विधान अन्यायाचे आहे, कारण ‘डॉक्टरांच्या सल्ल्यानेच’ असे मी दोनदा लिहिले होते, आणि लेख सर्वसाधारण प्रकृतीच्या वाचकांसाठी होता. तरी आपला आग्रह आहे म्हणून लिहिते. २००२ साली अमेरिकेतली जी मोठी चाचणी मध्येच थांबवली गेली आणि जिच्यामुळे हार्मोन या शब्दाची धास्ती बसली, ती इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र असलेल्या, पोटात घ्यायच्या गोळ्यांची होती. योनीत लावायच्या अल्प मात्रेतले फारच थोडे औषध रक्तात जाते, आणि त्याच प्रकल्पातील स्त्रियांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणात अशा वापराने स्तनांच्या कर्करोगाचा धोका वाढलेला दिसला नाही. असे असूनही माझ्या क्रीमच्या डबीतल्या घडीच्या कागदावर बारीक अक्षरांत त्याच गोळ्यांचे इशारे छापलेले होते. मी ते भिंग घेऊन वाचले आणि डबी आठ दिवस कपाटात ठेवून दिली होती, त्यामुळे आपली भीती मला समजते. स्तनांचा कर्करोग होऊन गेलेल्यांनी मात्र आधी हार्मोनविरहित मॉइश्चरायझर वापरून पाहावे, त्यात हायलुरोनिक आम्लाचे प्रकारही येतात. त्याने भागले नाही, तर कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय इस्ट्रोजेनला हात लावू नये. स्तनांच्या कर्करोगासाठी दिली जाणारी लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल ही गोळी चालू असेल तर विशेष जपावे, कारण त्या गोळ्यांचा हेतूच इस्ट्रोजेन जवळजवळ संपवणे हा असतो आणि कोरडेपणाही बऱ्याचदा त्यांच्यामुळेच वाढतो. हा भाग लेखात असायला हवा होता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. फक्त ते सांगण्याची आपली पद्धत वेगळी असू शकली असती.

जाहिरातीच्या आरोपाला उत्तर देण्यात मला रस नाही. लेखात एकाही कंपनीचे वा उत्पादनाचे नाव नाही, आणि कोणाकडून मी चहाही घेतलेला नाही.

घरच्यांना दाखवले आहे का, असे आपण विचारलेत. दाखवले आहे. यजमानांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका काढल्या. मुलीने एक उणीव दाखवली, जी आपल्यासकट कोणाच्याच नजरेला आली नव्हती. पाळी जाऊन वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, अगदी डागाएवढे जरी, तरी तो कोरडेपणा आहे असे गृहीत धरून घरी बसू नये आणि गर्भाशयाची तपासणी लगेच करून घ्यावी, हे मी लिहायला विसरले होते. ते वाक्य आता लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात घातले आहे. आपली प्रतिक्रियाही आहे तशीच, ‘निर्लज्ज’ या शब्दासह, खाली राहू दिली आहे.