थंडी आली म्हणून बाग मिटवू नका

दिवाळी सरली की व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो: 'थंडीआधी सगळी झाडं निम्म्यावर छाटा, लॉन जमिनीलगत कापा, पाणी बंद करा, पाचोळा जाळून टाका.' असा सल्ला जमीन गोठते तिथला, तिथली झाडं हिवाळाभर निजतात. पुणे-नाशिककडे मात्र पाऊस ओसरला की बागेला खरा बहर येतो. हा सल्ला मानून लोक भरात आलेली झाडं बोडकी करतात, हे बघवत नाही.

'सगळी छाटा' यानं सर्वांत जास्त नुकसान होतं. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरात करावीच, दीड-दोन महिन्यांत फुलं येतात. पण शेवंती? दिवस लहान झाले की ती कळ्या धरते. शेंड्याची पानं बाजूला सारून बघा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या हिरव्या कळ्या दिसतील. कात्री चालवलीत की यंदाची फुलं गेली. अंगणातल्या आंब्याचंही तेच. मोहोर जून झालेल्या काडीच्या टोकाला येतो. आता छाटलेली फांदी पालवी काढत बसेल, मोहोर धरणार नाही.

लॉन बहुधा हरळीच्या जातीचं असतं आणि थंडीत त्याची वाढ मंदावते. जमिनीलगत कापलं तर ते लवकर भरून येत नाही, उघड्या मातीत तण घुसतं. मशीनचं पातं थोडं वर ठेवा. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त गवत कापू नका.

'पाणी बंद करा' हे मोगरा आणि लिंबापुरतं खरं आहे. त्यांना डिसेंबरात पाणी तोडून ताण दिला, मग जानेवारीत खतपाणी केलं की ते जोमानं फुलतात. बाकी झाडांना पाणी हवंच, फक्त कमी वेळा. बोटाचं पेर मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी घाला, तेही सकाळी. संध्याकाळी भिजवलेली गुलाबाची पानं रात्रभर ओली राहतात आणि काळे ठिपके पडतात.

पाचोळा जाळण्याचं तर नावच काढू नका. राष्ट्रीय हरित लवादानं २०१६ मध्येच उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठरवून दिला. निफाडचे बागायतदार कडाक्याच्या थंडीत शेकोट्या पेटवतात ते द्राक्षं वाचवण्यासाठी, आपल्या अंगणात ती वेळ येत नाही. पाचोळा कुंड्यांत आणि वाफ्यांत दोन-तीन इंच पसरा, खोडाला मात्र चिकटू देऊ नका. उरलेला खतासाठी भोकं पाडलेल्या ड्रममध्ये थोडं शेण घालून ओलसर ठेवा.