पत्रिकेत आईचं नाव कुठे?

भावाचं लग्न ठरलं आणि पत्रिकेचं काम माझ्याकडे आलं. मी आणि आई गिरगावात खाडिलकर रोडला गेलो. कार्ड अर्ध्या तासात पसंत पडलं. हळदीच्या रंगाचं, जाड कागदाचं, आत एकच पान. अडलं ते मजकुरावर.

दुकानात मजकूर तयारच असतो. नावं, मिती, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता तेवढा भरायचा. निमंत्रकांच्या जागी ‘श्री. व सौ.’ आधीपासून. बाबा जाऊन सहा वर्षं झाली असं सांगितल्यावर मजकूर जुळवणाऱ्या मुलाने सहज विचारलं, "मग काका-काकूंची नावं घालू?" त्याला मी दोष देत नाही, त्याच्याकडे येणारे बहुतेक तसंच सांगत असणार. पण आई शेजारीच बसली होती. आणि तीच म्हणाली, "हो, तसंच घाला."

मला ते ऐकवेना. प्रूफ नको म्हटलं आणि तिला घेऊन बाहेर पडले.

सहा वर्षं घराचे हप्ते तिने भरले. भावाचं शिक्षण तिने पुरं केलं. मुलीकडच्यांशी बोलणी तिने केली, कार्यालयाची अनामत तिने भरली. मग लोकांना ‘या’ म्हणायचा मान तिचा नाही तर कुणाचा? काका-काकूंवर माझा जीव आहे. पण कार्य आईच्या घरचं आहे.

घरी आल्यावर फोन सुरू झाले. ‘शुभकार्यात श्रीमती वर नको.’ ‘आपल्यात पद्धत नाही.’ सरकारी कागदावर कुठल्याही बाईच्या नावाआधी श्रीमती लावतात, कुणी काही म्हणत नाही. लग्नपत्रिकेत तोच शब्द दिसला की लोक एकच अर्थ घेतात, म्हणून तो खाली ढकलायचा नाहीतर गाळायचा. बाबांचं नाव ‘कै.’ लावून छापायला मात्र कुणाचीच हरकत नव्हती.

त्या रात्री आईने ट्रंकेतून तिच्या लग्नाची पत्रिका काढली. १९८७ सालची. खिळे जुळवून छापलेली, घडीवर विरलेली, कोपऱ्यांवर कुंकवाचे फिकट डाग. तिच्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. हा शब्द आयुष्यभर वाचत आले, पण त्या रात्री पहिल्यांदा त्याच्यापाशी थांबले. मुलगा नुसता चिरंजीव. मुलीच्या नावाला नवऱ्याचं आयुष्य बांधलेलं, आणि ते संपलं की पत्रिकेतली तिची जागाही संपते. होणाऱ्या वहिनीला विचारलं. तिलाही पटलं. आमच्या पत्रिकेत दोघांच्याही नावाआधी फक्त ‘चि.’ आहे.

आईला मी हेरवाडची गोष्ट सांगितली. शिरोळ तालुक्यातलं गाव. मे २०२२ मध्ये तिथे ठराव झाला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनीही हे करावं म्हणून परिपत्रक काढलं. एक अख्खं गाव एवढं करू शकतं, तर मुंबईत राहून आपण एका ओळीला घाबरायचं का, असं मी तिला विचारलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "नाव घाल. पण ह्यांचंही असू दे."

शेवटी सुरुवात अशी छापली: ‘सप्रेम नमस्कार. माझा आणि कै. (इथे बाबांचं नाव) ह्यांचा मुलगा...’ पुढे वधू-वरांची नावं, आणि खाली निमंत्रक म्हणून एकटी आई. तिच्या नावाआधी श्रीमतीही नाही, सौ.ही नाही. ज्यांच्या घरी हा प्रश्न येईल त्यांनी हा मजकूर खुशाल उचलावा.

पत्रिका आल्या त्या दिवशी काका-काकू घरी होते. देवापुढे ठेवायच्या पत्रिकेला हळदकुंकू लावायचं होतं. बाबा गेल्यापासून अशा वेळी आई काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जाते. त्या दिवशीही उठलीच होती. काकूने तिचा हात धरून तिला पाटावर बसवलं आणि ओल्या कुंकवाची वाटी तिच्यापुढे सरकवली. आईने अनामिकेने एकेक करत चारही कोपऱ्यांना बोट लावलं. चौथ्या कोपऱ्याला हात थरथरला आणि कुंकू जरा पसरलं.

ती पत्रिका गणपतीपुढे ठेवली. दुसरी पत्रिका आणि अक्षता घेऊन आई संध्याकाळी काका-काकूंकडे गेली. आताच तर भेट झाली होती, तरी घरी जाऊनच आमंत्रण द्यायचं म्हणाली.