ऑकची सरासरी १८ का येते: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘ऑकने तापमानाची सरासरी १८ आली, एक्सेल तीच २५.२ दाखवतं. पायथॉनच्या जमान्यात हे जुनाट टूल लोकांच्या गळ्यात का मारता?’ असं तुम्ही विचारलंय. ऑक म्हणजे फाइल ओळीओळीने वाचून रकान्यांवर हिशोब करणारी कमांड. उत्तर तुम्ही दिलेल्या सहा ओळींतच आहे.

रीडिंग्ज अशी: २५.२, २५.४, २५.१, मग रिकामी जागा, २५.० आणि २५.३. बेरीज १२६. एक्सेल रिकामा सेल आणि मजकूर दोन्ही सोडून देतं, म्हणून ५ ने भागतं. तुम्ही भागलंत एनआरने, म्हणजे वाचलेल्या सगळ्या ओळींच्या संख्येने. त्यात हेडर, म्हणजे रकान्यांच्या नावांची पहिली ओळही आली, रिकामी नोंदही आली. १२६ भागिले ७, झाले १८. आकडा नसेल तिथे ऑक गुपचूप शून्य धरतो, एररही देत नाही. ही त्याची खोड मला मान्य आहे.

हेडर वगळून स्वतःचा काउंटर ठेवलात तरी २१ येईल. ‘रकाना रिकामा नसेल तरच मोज’ अशी अट घातलीत तरीही २१च! लॉगरचं, म्हणजे रीडिंग्ज नोंदवणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं असं तुम्हीच लिहिलंय. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न असतो. तापमान शेवटच्या रकान्यात, त्यामुळे ‘रिकाम्या’ जागेतही ते न दिसणारं अक्षर आहेच. फाइलमधलं प्रत्येक अक्षर दाखवणाऱ्या ‘ओडी’ कमांडला ती ‘-सी’ पर्यायाने द्या, लगेच दिसेल. आधी ‘टीआर’ कमांडला ‘-डी’ देऊन ते अक्षर काढा, मग ऑकमध्ये रकाना आकड्यासारखा असेल तरच बेरीज आणि काउंटर वाढवा. भागण्याआधी काउंटर शून्य नाही ना, तेही बघा.

तरी एक फट उरते. कीथली या कंपनीची काही मोजमापाची मीटर रेंज ओलांडली की ९.९ई३७ (म्हणजे ९.९ गुणिले १०चा ३७वा घात) लिहितात. तो अगदी कायदेशीर आकडा आहे, आणि असं एकच रीडिंग सगळी सरासरी खाऊन टाकतं. तिथे वरची मर्यादा हातानेच घालावी लागते.

छापतानाही साधा ‘प्रिंट’ नको. हिशोबातून आलेला अपूर्णांक तो सहाच सार्थ अंकांत दाखवतो, म्हणजे १७००००००००.७५ हा टाइमस्टॅम्प १.७ई+०९ होऊन बसतो. ‘प्रिंटएफ’ वापरा, दशांश स्थळं सांगा.

पायथॉनचं म्हणाल, तर त्याची पांडास ही लायब्ररी ती रिकामी जागा मुकाट सोडून देते आणि नमपाय या दुसऱ्या लायब्ररीचं ‘लोडटेक्स्ट’ तिथेच एरर देऊन अडतं. प्रयोगाच्या डेटासाठी मला अडणारं जास्त आवडतं. अवतरणचिन्हांतल्या मजकुरात स्वल्पविराम असतील, तर मात्र खुशाल पांडास घ्या, किंवा जीऑक या ऑकच्याच एका रूपात ५.३ आवृत्तीपासून आलेला सीएसव्ही पर्याय.