वीणा खाली ठेवायची नाही

जूनमध्ये भाचा नीटच्या तयारीला लातूरला गेला. हॉस्टेलात मोबाईल चालत नाही. गादी, बादली, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असं सगळं ऑटोत चढवून झाल्यावर पोरानं मला बाजूला घेतलं, फोन माझ्या हातात ठेवला आणि मरणाला टेकलेलं माणूस शेवटचं सांगतं तशा आवाजात म्हणाला, "मामा, माझ्या पाच स्ट्रीक सांभाळा. एक तर चारशे बारा दिवसांची हाय."

"आईकडं दे की."

"आई सगळं वाचती."

मामाला वाचता येत नाही, असं त्याला वाटत असावं.

ही भानगड स्नॅपचॅटची. पिवळ्या चौकटीत पांढरं भूत. फोटो पाठवायचा, समोरच्यानं पाच-दहा सेकंद बघितला की गेला. २०११ साली अमेरिकेत स्टॅनफर्डच्या पोरांनी हे काढलं तेव्हा त्याचं नाव होतं पिकाबू. म्हणजे तान्ह्या लेकराला पदराआडून 'भॉक' करतात तेच. आता आमच्या घरात १९९३ च्या भूकंपातल्या पंचनाम्याची नक्कल अजून ट्रंकेत आहे, खाली लिंबाचा पाला घालून. आमच्याकडं कागद हरवला की माणूसच खोटा ठरतो. तिथं फोटो आपणहून पुसला जातो याला सोय म्हणायचं!

स्ट्रीकचा नियम मात्र कडक. दोघांनीही चोवीस तासांत एकमेकांना फोटो पाठवायचाच. नुसतं लिहून भागत नाही. असे तीन दिवस गेले की नावापुढं आग पेटते आणि आकडा चढायला लागतो. वेळ संपत आली की वाळूचं घड्याळ दिसतं. चुकलं, तर आग विझली.

हे ऐकून मला उलट हुरूप आला. आमच्या गावच्या सप्त्यात सात दिवस वीणा जमिनीला टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून निघाली की दुसऱ्याच्या गळ्यात. पहाटे दोन ते चारचा पहारा मी वीस वर्षं केलाय. पेंगलो असेन, पण वीणा टेकवली नाही. फक्त सप्त्याला काला असतो, ह्याला नव्हता.

सुरुवातीला मी मनापासून फोटो पाठवायचो. चरवीतलं फेसाळ दूध, नुकतं व्यालेलं वासरू. उत्तर म्हणून पंखा यायचा. पाच पोरं, पाच पंखे! पलंगावर पडल्या पडल्या वर बघून फोटो काढायचा नि द्यायचा सोडून. हळूहळू मला पंखे ओळखू यायला लागले. पुण्यातल्या पोराच्या पंख्याचं एक पातं जळमटानं काळं झालं होतं. महिनाभर सोसलं, मग राहवेना. लिहिलं, "पंखा पुसून घे बाळा, वारं लागत नसंल."

लगेच उलट विचारणा: "भावा, तुझं अकाउंट हॅक झालंय का?"

तेव्हापासून मीही गुमान घरावरच्या पत्र्याचा फोटो पाठवायला लागलो.

रेंज मिळायची ती मारुतीच्या पारावर नाहीतर आमच्या कडब्याच्या गंजीवर. पारावर माणसं असतात, म्हणून गंजी. खालून बायको ओरडायची, "आवं, ह्या वयात गंजीवर चढून काय करलालाव?"

"पहारा!"

सप्टेंबर उजाडला आणि आभाळ फाटलं. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं, त्याच जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा शेतात शिरली. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्याखाली. पंचनाम्याला माणसं येईस्तोवर पाणी ओसरतं, म्हणून आधी फोटो काढून ठेवायचा, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझा फोन बांधावरून घसरताना पाण्यात गेला. खिशात भाच्याचा होता.

शेजारचे बापूराव बांधावरून म्हणाले, "तुम्ही बी फोटोत दिसा, नाहीतर शेत कुणाचं कळायचं कसं?"

चष्मा घरी. फोन हातभर लांब धरला, स्वतःसकट सगळं पाणी त्यात घेतलं. सवयीनं बोट कुठं कुठं गेलं देव जाणे, पण संध्याकाळी फोटो शोधायला गेलो तर फोनमध्ये काही नाही. पाची पोरांना गेला होता. त्यांनी बघितला होता. सोयाबीन गेलं, फोटोही गेला.

मी कपाळाला हात लावून गंजीवर बसलो, तेवढ्यात बारीक अक्षरांत एक ओळ दिसली. कुणी आपल्या फोटोचा स्क्रीनशॉट घेतला की हे ॲप चुगली करतं. स्क्रीनशॉट घेतला होता जळमटवाल्यानं.

थरथरत्या बोटानं लिहिलं, "बाळा, मी त्याचा मामा हाय. तेवढा फोटो परत पाठव. पंचनाम्याला लागतोय."

बराच वेळ काही नाही. मग फोटो आला. चष्मा लावून बघितला. चोहीकडं पाणी, मधी मी, आणि माझ्या डोक्यावर कुत्र्याचे दोन लोंबते कान. काळं नाक. तोंडातून ही एवढी जीभ बाहेर.

तलाठीसाहेबांनी तो बराच वेळ निरखला. एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा फोटोकडं.

"कान सोडले, तर पाणी मांडीपर्यंत दिसतंय," असं म्हणून त्यांनी तो फायलीला टाचला.

त्या रात्री नेहमीच्या वेळी पुण्याहून पंखा आला. पातं पुसल्यासारखं वाटलं. चष्मा लावून नीट बघावं म्हणेपर्यंत गेला.