शरणपूर रोडला हात लावण्यापूर्वी

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका उत्साही भाच्याने फर्मान सोडले की आपल्या नाशिकमधल्या शरणपूर रोडचे नाव गुलामीची खूण आहे, ते बदलायलाच हवे. आणि त्यावर पटापट अंगठे उमटले. तेव्हापासून माझे डोके फिरले आहे.

शाळेतल्या माझ्या मैत्रिणीचे घर शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीत होते. नाताळच्या करंज्यांवर कातण फिरवता फिरवता तिची आजी सांगत असे, "आफ्रिकेची पोरं आमच्या इथं सुतारकाम, लोहारकाम शिकली बरं!" त्यात बढाई नव्हती, शेजारच्या घरातली गोष्ट सांगावी तसे ती सांगे.

गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेली मुले मुंबईमार्गे ज्या मिशनच्या गावात आणली गेली, ते हे शरणपूर. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेत डेव्हिड लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश मिशनरी-संशोधकाचा मृत्यू झाला, तेव्हा त्याची नोंद तिथल्या झाडावर जेकबने कोरली, आणि ते शव महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यापर्यंत नेणाऱ्यांतही तो होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतील अंत्यविधीत शवपेटीसोबत चालण्याचा मान आपल्या नाशकात शिकलेल्या या मुलाला मिळाला. म्हणे गुलामीची खूण!

मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचा होता, हे मान्य. व्हिक्टोरिया पुलाला अहिल्यादेवी होळकरांचे नाव दिले, तेही योग्यच झाले. पण २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडून पुढे फासावर गेलेल्या अनंत कान्हेरे यांचे नाव ज्या मैदानाला आहे, त्याला हाच भाचा 'गोल्फ क्लब' म्हणतो. कॅनडा कॉर्नरवर तर रोज उभा असतो, तिथे त्याचा स्वाभिमान दुखत नाही.

जाऊ दे. पोरगा वाईट नाही; त्याला हे कुणी सांगितलेच नाही. मला तरी कुठे शाळेने सांगितले? करंज्या करणाऱ्या त्या आजीच्या ओट्याशी बसले नसते, तर आज मीही कदाचित अंगठा दाखवून मोकळी झाले असते.

महापालिकेचे मुख्यालय, राजीव गांधी भवन, याच रस्त्यावर आहे. त्यामुळे मागणीसाठी फार लांब जायला नको: नाव आहे तेच राहू द्या, आणि जेकबची व त्याच्यासोबतच्या मुलांची माहिती देणारा एक फलक, शुद्ध मराठीत, जाहिरातींच्या होर्डिंगआड जाणार नाही अशा ठिकाणी लावा. निवेदन मी लिहिते. सह्या कोण कोण करणार, ते खाली कळवा.