तलाठ्याचा साझा

आमच्या कुत्र्याचं नाव तलाठी आहे. मी नाही ठेवलं, बाबांनी ठेवलं, कारण पिल्लू होतं तेव्हापासूनच ते जागेवर कधी सापडत नाही. सकाळी भाकर खायला हजर, खाऊन झालं की दौऱ्यावर, ते थेट दिवेलागणीला परत, आणि तोंडावर असा भाव की तहसीलला मीटिंग होती. मी गावात ऑनलाईन सातबारा काढून द्यायचं छोटं दुकान चालवतो, त्यामुळं हे नाव जरा जपून घ्यावं लागतं. एकदा खरे तलाठी साहेब दुकानात चहा पीत बसले होते आणि आईचा फोन आला की तलाठी नालीत पडला, घेऊन जा त्याले, अन फोन स्पीकरवर. मध्यंतरी सरकारनं तलाठ्याचं ग्राम महसूल अधिकारी केलं तेव्हा दादा म्हणाला याचंही बदलून टाकू, पण एवढं लांबलचक नाव अंगणातून ओरडून होईस्तोवर कुत्रं वणीला पोचलं असतं. म्हणून राहिलं ते.

आता घर आमचं गावाच्या तोंडाशी, वणीच्या रस्त्याला खेटून. इकडचा रस्ता ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, दिवसरात्र कोळशाचे ट्रक, दारातली तुळस काळी, दोरीवरची बाबांची बंडी काळी. तलाठ्याला ट्रकचं काही नाही. त्याचं वैर फक्त यष्टीशी. लालपरीचा हॉर्न त्याला लय दुरून कळतो, आणि मग ती फाट्यावरून सुटली की पुलापर्यंत भुंकत भुंकत तिला पोचवून येतो, पण तिच्या मागं धावताना आपल्या मागून ट्रक येतो हे काही त्याच्या डोक्यात बसत नाही. मागच्या दिवाळीत एकाचा धक्का लागला. नशीब नुसता धक्का, तरी दीड महिना मागचा पाय वर धरून तीन पायांवर फिरला, आणि दौरे तेव्हाही चालूच.

कंपाउंड घाला म्हणायला सोपं आहे. आमच्या अंगणाला लागून काकाचं अंगण, अन मधातली हद्द नेमकी कुठून जाते यावर आजोबांच्या काळापासून एकमत नाही. भिंत घालायची तर मोजणी आणावी लागते, मोजणी आणली की काका बोलणं बंद करतात, आणि काकांनी बोलणं बंद केलं की सोयाबीनच्या वेळी थ्रेशर मिळत नाही. बांधून ठेवावं म्हटलं तर हा रात्रभर असा गळा काढतो की सकाळी लोक येऊन विचारतात, कोण गेलं जी तुमच्याकडं?

मग एका रात्री मोबाईलवर ते बिनतारी कुंपण दिसलं. घरात एक डब्बा लावायचा, तो चारी बाजूला रेडिओचा सिग्नल फेकतो, कुत्र्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात रिसीव्हर. कुत्रं हद्दीजवळ गेलं की पहिले बीप वाजतो आणि तरी पुढं गेलंच तर मानेला झटका. खांब नाही, तार नाही, मुख्य म्हणजे मोजणी नाही. किंमत दोन क्विंटल कापूस, म्हणजे २०२४-२५ च्या ७५२१ च्या हमीभावानं दोन, आमच्याकडून व्यापाऱ्यानं नेला त्या भावानं सव्वादोन.

घरी सांगताना झटका हा शब्द काढायला नको होता. आमच्याकडं झटका म्हटलं की वावरातली झटका मशीन, सोलरची प्लेट, खाली बॅटरी, धुऱ्याधुऱ्यानं ओढलेली तार आणि रात्रभर टक, टक, टक, सेकंदाला एक ठोका. रोही, म्हणजे नीलगाय, नाहीतर रानडुक्कर तारेला लागलं की दचकून मागं फिरतं. ठोका क्षणाचा असतो म्हणून ती मशीन मारत नाही, मरतात ते काही लोक थेट लाईनची तार कुंपणाला जोडतात तेव्हा, त्यात वाघही गेले अन माणसंही, तो सरळ गुन्हा आहे, असो. पण बाबांच्या डोळ्यांपुढं तलाठी आणि रोही एकाच तारेवर आले. "रोह्याले बाहेर ठेवाले झटका, ते समजते. आपल्या लेकराले आत ठेवाले झटका?" आई तर काही न बोलता उठूनच गेली, आणि आई न बोलता उठली की त्या दिवशीच्या वरणाला मीठ नसतं.

दादाचा मुद्दा वेगळाच होता. टिपेश्वरच्या त्या वाघाला २०१९ मध्ये रेडिओ कॉलर होती की नाही, तरी तो आपल्या यवतमाळातून निघून १३०० किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत गेला. "पट्ट्यानं थांबला का तो? पट्ट्यानं फक्त सांगतलं का हा पाहा, गेला." मी म्हटलं ती कॉलर वेगळी, ही वेगळी. अमेरिकेत जमिनीत पुरलेल्या तारेच्या अशा कुंपणाचं पेटंट १९७३ सालचं आहे, जुनी गोष्ट आहे. बाबा म्हणाले, १९७३ लेच आपल्याकडं वाघाचा प्रकल्प सुरू झाला. म्हणजे तिकडं कुत्रं अंगणात ठेवायची सोय झाली आणि इकडं वाघ जंगलात ठेवायची, पुढचं काय झालं ते आम्ही पाहूनच राहिलो.

मनात पाल माझ्याही चुकचुकत होती, कारण वाचता वाचता हेही दिसलं की वेल्समध्ये २०१० पासून असे झटक्याचे पट्टे वापरायला बंदी आहे. म्हणून ठरवलं, झटका सगळ्यात खालच्या नंबरवर ठेवायचा, जमेल तेवढं बीपवर भागवायचं, आणि पहिले स्वतः घेऊन पाहायचा. तो कधी घ्यायचा हे मात्र ठरवलं नव्हतं.

डब्बा आला. कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही, वणीला जाऊन आणला. आणि पहिला घोळ निघाला तो आकाराचा. सिग्नल चारी बाजूला सारखा जातो, म्हणजे कुंपण गोल, अन मी इतके सातबारे आणि नकाशे काढले पण गोल अंगण आजपर्यंत कोणाचं पाहिलं नाही. आमचं तर लांबुळकं, रेल्वेच्या डब्यासारखं, पुढं रस्ता मागं गोठा. डब्बा ओसरीत लावला की अर्धा रस्ता तलाठ्याच्या साझ्यात, म्हणजे त्याच्या कामाच्या हद्दीत येतो. मागं न्यावा तर गोठ्यावर टिनं, आणि टिन, लोखंड, गाडी असं काही मधात आलं की सिग्नल अडतो, हद्द तिथून आत सरकते. शेवटी मधल्या खोलीत, कोठीच्या बाजूला जागा सापडली. तिथून रस्ता तर वाचला पण गोलाचा एक तुकडा काकाच्या अंगणात गेलाच.

मग झेंड्या. पट्टा हातात धरून चालायचं, बीप वाजला की तिथं एक छोटी पांढरी झेंडी रोवायची, कुत्र्याला सुरुवातीला हद्द डोळ्यांनी दिसावी म्हणून. मी सकाळी सात वाजता अंगणात गोल गोल फिरत, पट्टा कानाला लावून, खाली वाकून झेंड्या रोवत होतो. आमच्या तालुक्यात जमिनीत झेंडी रोवली की तिचा एकच अर्थ होतो.

पहिले दूधवाला थांबला. मग दोघं मोटरसायकलवाले. मग काका बंडी घालत घालत आले, कारण तीन झेंड्या त्यांच्याकडं होत्या.

"खदान येते का गा?"

"नाही जी काका, कुत्र्यासाठी आहे."

"सांगू नको तर नको सांगू," काका म्हणाले, "पण भाव काय देऊन रायले एकराले?"

नऊ वाजेस्तोवर गावभर झालं की कोळसा लागला, सर्वे सुरू आहे, आणि ऑनलाईनवाल्याला पहिलेच माहीत होतं म्हणून तो गुपचूप झेंड्या रोवून राहिला. त्या दिवशी माझ्या दुकानातून सातबाऱ्याचे सतरा प्रिंट गेले. एरवी चार जातात. एक जण तर माझ्याच अंगणाचा सातबारा मागायला आला. काकांनी त्यांच्या बाजूच्या तीन झेंड्या उपटल्या नाहीत, उलट संध्याकाळी जाऊन पाहिलं तर त्या दोन हात आमच्याकडं सरकल्या होत्या.

झटका त्याच दुपारी बसला, मला. आमच्याकडं मोबाईलला रेंज फक्त रस्त्यावर, लिंबाच्या झाडाखाली. फोन वाजला, मी हॅलो हॅलो करत निघालो अन पट्टा दुसऱ्या हाताच्या मुठीत तसाच होता. बीप वाजला तो मला फोनचाच वाटला. पुढच्या पावलाला तळहाताला जे काही बसलं त्यानं मी असा ओरडलो की पलीकडून बँकेवाली बाई म्हणाली, सर, लोन नको असेल तर नीट सांगा. खरं सांगायचं तर दुखलं नाही फार, थंडीत स्वेटर काढताना चट्ट होतं त्याच्या मोठ्या भावासारखं, पण दचकायला झालं. आजही लिंबाकडं निघालो की तिसऱ्या झेंडीच्या जागेवर माझा पाय आपोआप अडतो, हातात पट्टा नसला तरी.

ट्रेनिंग मात्र मी मन लावून केली, तिथं घाई करणारे लोक कुत्र्याचं वाटोळं करतात असं माझं मत आहे. पहिले काही दिवस झटका बंद, फक्त बीप. दोरी लावून झेंडीपर्यंत न्यायचं, बीप वाजला की हलकेच मागं ओढायचं, मागं आला की बिस्किट. दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा, दोन आठवडे. पट्टा असा की आत दोन बोटं जायला पाहिजे, ढिला असला तर झटका देणारे खिळे कातडीला टेकत नाहीत, घट्ट असला नाहीतर चोवीस तास ठेवला तर मानेला जखम होते. हे खातं आईनं स्वतःकडं घेतलं. रोज संध्याकाळी पट्टा काढायची, केस बाजूला करून मान पाहायची, खोबरेल तेल लावायची आणि माझ्याकडं अशी पाहायची जशी मी त्याला हुंड्यासाठी छळतो.

तलाठी चार दिवसांत शिकला. घर शिकायला वेळ लागला. दादानं ट्रॅक्टर ट्रॉलीसकट ओसरीपुढं लावला की साझा एकदम लहान, कुत्रं आपल्याच भांड्याजवळ जाऊन बीप खातं अन भाकरीकडं पाहत बसतं. म्हणून ट्रॅक्टर आता गोठ्यामागं. वेचणीच्या दिवसांत लोखंडी पलंग कुठं ठेवायचा यावर बैठक झाली. लाईन गेली की डब्बा विझतो आणि डब्बा विझला की हद्दच उरत नाही, आणि आमच्याकडं लाईन काय विचारून जाते का? मग डब्बा इन्व्हर्टरवर घेतला. इन्व्हर्टर जुना, त्यावर सगळं चालत नाही, म्हणून मे महिन्यात लाईन गेल्यावर बाबांचा पंखा बंद आणि कुत्र्याचं कुंपण चालू. बाबा अंगणात टॉवेलनं वारा घेत तलाठ्याला म्हणायचे, "तुमचं बरं हाये साहेब."

पहिली खरी परीक्षा साडेदहाच्या यष्टीची. झेंड्या तेव्हा काढून झाल्या होत्या. फाट्यावर हॉर्न वाजला, कान उभे, आणि हा सुटला ना, मातीचा फराटा उडवत, माझ्या पोटात गोळा. बीप. समोरचा पंजा हवेत तसाच राहिला. अंग पुढं झुकलेलं, शेपूट ताठ, पण पाय काही खाली येईना. यष्टी समोरून गेली, ट्रक गेला तिच्या मागून, तो तिथंच उभा राहून भुंकला, भुंकता भुंकता रडला. मजा म्हणजे यष्टी पुढं जाऊन हळू झाली. ड्रायव्हरनं आरशात पाहिलं असेल, दोनदा हॉर्न दिला. कंडक्टरनं दारातून डोकं काढून मला विचारलं, "काऊन भाऊ, तलाठी साहेब सुट्टीवर का?"

रात्री मात्र पट्टा काढून त्याला ओसरीत आत घेतो, जाळीचं दार लावून. बिबट्याच्या गळ्यात रिसीव्हर नसतो. ज्याच्या गळ्यात पट्टा त्यालाच हे कुंपण, बाकी कोणी यायला मोकळं, हे मी पहिल्या दिवसापासून वाचून होतो, फक्त बिबट्याच्या पलीकडं विचार केला नव्हता.

तलाठी आता दिवसभर जागेवर सापडतो ही बातमी गावात पसरली, म्हणजे कुत्र्यांच्या गावात. पहिले काकाकडची तांबडी आली, ती येऊन बसली अन गेलीच नाही. मग देवळाजवळचा काणा. मग शाळेमागचे दोघं, ते नेहमी जोडीनंच असतात. परवा सकाळी मोजले तर सात होते, अंगणात ओळीनं, आणि मधात तलाठी, पट्टा घालून, पुढचे पाय एकावर एक ठेवून. बाबा दात घासता घासता थांबले, ब्रश तोंडातच.

"पाहा," ते म्हणाले, "साहेब जागेवर भेटून रायले म्हटल्यावर साऱ्या गावाचे कामं निघाले."

आई चुलीजवळ होती. टोपल्यात सकाळच्या भाकरीतली एक उरली होती. तिनं बाहेर पाहिलं, सात मोजले, टोपल्यावर फडकं टाकलं आणि आतूनच ओरडली, "सांग रे त्यायले, आजची वेळ संपली. उद्या या म्हणा!"